गुप्त मोहिमेचा नारळ

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं आणि मग छाती फुगते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण नातवंडं "आजोबा, एक केस सांगा ना" म्हणाली की मी हीच सांगतो. यात बंदूक नाही, रक्त नाही, आणि पाठलाग म्हणाल तर तोही बैलांचा. तरी असा निर्भेळ विजय मला पुन्हा कधी मिळाला नाही. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही. ज्यांची गोष्ट आहे ते वाचून ओळखतील.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी फौजदार होतो आणि नाशिक शहरातून माझी बदली सटाण्याकडच्या एका ठाण्यावर झाली होती. गाव तालुक्याच्या रस्त्यावरचं, कांद्याच्या गाड्यांची वर्दळ, एक नदी, आणि वेशीवर मारुतीचं देऊळ. ठाणं म्हणजे कौलारू इमारत, एक कोठडी, हात लावला की खरखरणारा टेलिफोन आणि ढकलल्याशिवाय सुरू न होणारी जीप. जीपचे चालक हवालदार माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, मिशाळ, देवभोळे. जीपवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव.

मी हजर झालो त्या आठवड्यातच एक म्हातारा शेतकरी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसला. बागलाणातला, अहिराणी बोलणारा. "साहेब, मना बैल गयात. मी आते काय करू?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पाणी दिलं तर घेईना. रायटर हवालदार, म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणारे, हळूच मला म्हणाले, "साहेब, अशा तक्रारी पाचवीला पुजलेल्या आहेत. गोठ्यातून जोडी जाते, आणि पुन्हा दिसत नाही." मला असल्या बोलण्याचा भारी संताप येतो. जोडी जाते म्हणजे काय? बैल काय कापूर आहे उडून जायला?

मी खबरे कामाला लावले. त्यातल्या एका मेंढपाळानं पक्की खबर आणली. नदीपलीकडे टेकडीच्या कुशीत एक आडवळणाचा मळा होता. मेंढपाळ म्हणाला, "साहेब, तिथं लय बैल दिसत्यात. पन औताला जुंपल्याले कधी पाह्यले नाय. आज तांबडे, चार दिसानं पांढरे." मला एवढं पुरेसं होतं. ज्याच्या घरी बैल येतात-जातात पण नांगर हलत नाही, तो शेतकरी नव्हे. चोरीचे बैल तिथं आणायचे, शिंगं तासून रंगवायची, आणि लांब घोटीकडच्या बाजारात नेऊन विकायचे, असा तो धंदा होता.

आम्ही छापा घातला. मळ्यात एक म्हातारी ताक घुसळत बसलेली, आणि गोठा रिकामा. पण शेण? शेण ओलं होतं! कडबा अर्धा खाल्लेला, दावणीची दोरी नुकतीच सोडलेली. म्हातारी म्हणाली, "ताक घ्या साहेब, उन्हाचं आलात." मी ते ताक प्यालो नाही. रागानंच माझं पोट भरलं होतं.

मग मी गुप्ततेचा विडा उचलला. हजेरीला सगळ्यांना उभं करून भाषण ठोकलं. "गुप्तता म्हणजे काय ठाऊक आहे का? बायकोलाही सांगायचं नाही, ती गुप्तता. इथं कुणाच्या तोंडात तीळ भिजत नसेल तर आत्ताच सांगा." पुढच्या वेळी कुठं जायचं ते कुणालाच सांगितलं नाही. पंचही आयत्या वेळी उचलले. गाव मागे पडल्यावर मी चालक हवालदारांना म्हणालो, "घ्या नदीकडे." गेलो. गोठा रिकामा, शेण ओलं, म्हातारी ताक घेऊन हजर. तिसऱ्या छाप्याच्या वेळी तर ती गालात हसली, असं मला आजही वाटतं.

आता ठाण्यात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी फितूर आहे. आणि कुजबुज नेहमी सर्वांत अशक्त माणसापाशी जाऊन थांबते, तशी ती एका तरुण शिपायापाशी थांबली. तो माझ्याआधी थोडेच दिवस बदलून आलेला. छापे फसायला लागले तेही त्याच सुमारास. त्याची सासुरवाडी नदीपलीकडे, त्या मळ्याच्या शिवेला लागून. शिवाय तो बौद्ध. ठाण्यात तो एकटाच. सगळे देवळात गेले तरी तो जीपमध्येच बसून राहायचा. ड्यूटीत खोट नाही, बोलणं कमी, कपडे कडक इस्त्रीचे. पण संशयाला काय, निमित्तच हवं असतं. "त्याला ना देवाचं, ना ठाण्याचं," असं कुणीतरी बोललं, आणि चालक हवालदारांनीही मान डोलावली.

गोष्ट नाशिकला मोठ्या साहेबांपर्यंत गेली. साहेबांचा फोन आला. "त्या शिपायाविरुद्ध अहवाल पाठवा. निलंबित करून टाकू. पुढच्या आठवडी बाजाराला मी स्वतः ठाण्यात येतो, तोवर अहवाल तयार पाहिजे." मी "होय सर" म्हणालो आणि फोन ठेवला. निलंबन म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. अर्धा पगार तर सोडाच, पण 'पोलिसातला फितूर' हा शिक्का बसला की माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. त्याच्या घरात वर्दी घालणारा तो पहिलाच. बाप रोजंदारीवर, बायकोला दिवस गेलेले. आणि पुरावा काय? तर म्हणे सासुरवाडी. मी अहवाल लिहिला नाही. साहेबांच्या शब्दापेक्षा पुरावा मोठा, हे मला पोलीस प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं.

पण चौकशी तर करायलाच हवी होती. मी त्याला ठाण्यामागच्या लिंबाखाली नेलं. तिथं जप्तीच्या मोडक्या बैलगाड्या पडलेल्या असत. एकीच्या जोखडावर मी बसलो, त्याला समोरच्या दगडावर बसवलं. तो बसेना. "बस म्हणतो ना!" असं ओरडल्यावर टेकला.

"तू फितूर आहेस का?" मी सरळ विचारलं.

"नाही साहेब."

"मग कोण आहे?"

माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवाची एक गोष्ट सांगतो. ज्याला खरंच काही ठाऊक नसतं, तो चटकन "माहीत नाही साहेब" म्हणतो. खोटं बोलणारा दुसऱ्याचं नाव घेतो. आणि ज्याला ठाऊक असतं पण सांगायची भीती असते, तो जमिनीकडे बघतो. हा जमिनीकडे बघत होता.

"हे बघ," मी म्हणालो, "मोठे साहेब बाजाराला येणार आहेत. तुझी वर्दी उतरवायला येणार आहेत. तुला काय माहीत आहे ते मला आत्ता सांगितलंस तर मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. नाही सांगितलंस तर माझे हात बांधलेले आहेत."

"साहेब, मी बोललो तर ते वेगळंच धरतील."

"कोण?"

"सगळेच. म्हणतील, स्वतःवरचं ढकलायला देवाच्या कामात खुसपट काढतोय. आणि हवालदारसाहेबांना फार लागेल. मी इथं आलो तेव्हा खोली मिळेना. त्यांनी स्वतःच्या घरामागची खोली दिली मला. त्यांच्याविरुद्ध कसं बोलू?"

आता मी सावरून बसलो. हवालदार? देव? "नीट सांग," म्हणालो. मग त्यानं सांगितलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमच्या ठाण्याची एक जुनी रीत होती. पूर्वी कधीतरी छाप्याला जाताना जीप उलटली होती. तेव्हापासून चालक हवालदार मोठ्या कामाला निघाले की वेशीवरच्या मारुतीपुढे जीप थांबवून नारळ फोडत. साध्या गस्तीला नाही, बंदोबस्ताला नाही, समन्स बजावायला तर नाहीच. फक्त छाप्याला. मीही त्यांच्याबरोबर उतरायचो, हात जोडायचो, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचो. सगळे देवाकडे तोंड करून उभे असायचे. हा एकटा जीपच्या मागच्या बाकावर, रस्त्याकडे तोंड करून.

"आपण नारळ घेतो ना साहेब, त्या दुकानातूनच माणूस निघतो," तो म्हणाला. "पहिल्या छाप्याला मला काही वाटलं नाही. दुसऱ्या वेळी पाहिलं, नारळवाल्यानं नुसती मान हलवली आणि त्याच्या मेहुण्यानं फटफटीला किक मारली. नदीकडच्या गाडरस्त्यानं गेला. तो रस्ता थेट पात्रातून मळ्यावर निघतो. आपण पुलावरून वळसा घालून जातो. तिसऱ्यांदाही तेच."

"आणि हे दुकान कधीपासून त्याच्याकडे आहे?"

"मी बदलून आलो त्याच महिन्यात घेतलंय त्यानं साहेब."

मी कपाळावर हात मारला. बायकोला सांगायचं नाही म्हणून भाषण ठोकणारा मी, आणि माझी जीप भर चौकात नारळ फोडून दवंडी पिटत होती! कुठं जातोय ते सांगायचीही गरज नव्हती. नारळ फुटला की मळ्यावर निरोप, एवढं त्यांना पुरे होतं. आमचं खोबरं खाऊन होईस्तोवर बैल मळ्यामागच्या ओहोळात उतरलेले असायचे.

लगेच जाऊन नारळवाल्याची गचांडी धरावी, असं माझ्या मनात आलं. स्वभावच तसा. पण मग थांबलो. त्याला धरलं तर तो म्हणेल, मी नारळ विकतो, यात गुन्हा काय? आणि बैल जातील ते जातीलच. त्यापेक्षा चोरांना निरोप मिळू दे. त्यांच्याच माणसाच्या हातानं, आम्हाला हवा तेव्हा.

मी त्या शिपायाला विचारलं, "मळ्यातून बैल काढले की नेतात कुठून?" तो म्हणाला, "दुसरी वाटच नाही साहेब. ओहोळानं खाली, करंजाच्या झाडांपाशी नदीत. माझ्या सासऱ्यांचं शेत तिथंच आहे." ज्या सासुरवाडीमुळे त्याची नोकरी जाणार होती, तीच आता आमच्या कामाची ठरली. मी शेजारच्या ठाण्याच्या फौजदाराला स्वतः जाऊन भेटलो आणि त्याच्याकडून धट्टेकट्टे चार गडी मागून घेतले. टेलिफोनला हात लावला नाही. ते साध्या कपड्यात, धोतर-टोपी घालून, एस.टी.नं उतरणार आणि करंजांमागे दबा धरून बसणार. त्यांना वाट दाखवायला आणि त्यांच्या पुढं राहायला हा शिपाई.

राहिले चालक हवालदार. त्यांना सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यांना खोलीत बोलावलं, शिपायालाही आत घेऊन दार लावलं आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. मग त्यांना राग आला. "माझ्या मारुतीच्या दारात हा धंदा? त्याला सोलून काढतो!" मी म्हणालो, "सोलायचं नंतर. उद्या दुपारी नेहमीसारखा नारळ फोडायचा आहे. त्याला कळलं पाहिजे की छापा निघाला."

हवालदार उभे राहिले. "नाही साहेब. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. चोराला फसवायला देवापुढं खोटा नारळ? माझी बदली करा, पण हे सांगू नका."

मी वैतागलो. वेळ थोडा, आणि म्हातारा हट्टाला पेटलेला. साहेबी आवाज काढणार एवढ्यात दारापाशी उभा असलेला तो शिपाई बोलला, "हवालदारसाहेब, खोटा कशाला? काम खरंच आहे. तुम्ही खराच फोडा, यश खरंच मागा. फक्त नंतर जीप जरा सावकाश हाका."

हवालदार त्याच्याकडे बघतच राहिले. ज्यानं कधी नारळाला हात लावला नाही, तोच त्यांना नारळाचं समाधान देत होता. मग ते मिशीतल्या मिशीत हसले. "पोरा, तू वकील व्हायला हवा होतास," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो शिपाई 'रजेवर' गेला. रायटर हवालदार माझ्यापाशी येऊन पुटपुटले, "साहेब, संशयिताला रजा?" मी म्हणालो, "आपण आपलं काम करा." ऊन उतरायच्या आधी आम्ही निघालो. वेशीवर जीप थांबली. हवालदारांनी नारळ घेतला, पैसे मोजून दिले, आणि फोडला तो असा की दोन बरोबर भकलं झाली. मी हात जोडून उभा होतो, पण मान जराशी वळवलेली. नारळवाल्यानं मान हलवली. मेहुण्यानं किक मारली. फटफट फटफट करत गाडी गेली. मला इतका आनंद झाला की खोबऱ्याचे दोन तुकडे खाल्ले.

पुढचा रस्ता मात्र मला जड गेला. हवालदार बैलगाडीच्या चालीनं जीप हाकत होते. शिपाई नवखा, बरोबरचे गडी परक्या ठाण्याचे. चोर हत्यारबंद निघाले तर? ऐन वेळी त्यांनी वाट बदलली तर? मग साहेब म्हणतील, संशयितालाच पुढं पाठवलंत? त्याची वर्दी तर जाईलच, आणि या वेळी ती माझ्यामुळे जाईल. हवालदारांनीही तोच विचार केला असावा. न विचारता म्हणाले, "होईल साहेब. पोरगं खंबीर आहे."

मळ्यात पोचलो. गोठा रिकामा, शेण ओलं. म्हातारी ताकाचा तांब्या घेऊन उठली. "ताक घ्या साहेब." या वेळी मी तांब्या घेतला आणि घटाघटा प्यालो. तिच्या तोंडचं पाणी पळालं ते बघण्यासारखं होतं.

ओहोळ उतरून करंजांपाशी गेलो तर काय दृश्य! मधोमध शिंगं रंगवलेले बैल, कडेला पालथे पाडलेले तिघे चोर, फटफटी आडवी आणि तिचा मालक तिच्याशेजारी. आणि आमचा शिपाई? सदरा फाटलेला, कोपर सोललेलं, एका हातात चोराची मानगूट आणि दुसऱ्या हातात बैलाचा कासरा. मला बघून त्यानं सॅल्यूट करायचा प्रयत्न केला. कासरा सोडवेना, चोर सोडवेना. "राहू दे रे बाबा, राहू दे!" मी ओरडलो, आणि आम्ही सगळे खो खो हसलो. चालक हवालदार पुढं झाले आणि त्यांनी त्याला सर्वांदेखत मिठीच मारली. "माझं चुकलं रे पोरा. तुझ्याविषयी बोलले त्यांच्यात मीही होतो."

परत येताना नारळवाल्याला उचललं. आधी तो ताठ होता. "मी गरीब दुकानदार, देवाच्या दारात बसतो." मी वाद घातला नाही. त्याच्या मेहुण्याला समोर बसवलं, शेजारी चालक हवालदारांना बसवलं, आणि हवालदारांना एक शब्द बोलायची मनाई केली. ते नुसते बघत राहिले. थोड्या वेळानं नारळवाल्यानं आपण होऊन घडाघडा सगळं सांगितलं. घोटीकडच्या बाजारात बैल कोण घेतो इथपर्यंत.

माणसांच्या ओळख परेड मी खूप घेतल्या, बैलांची ही एकच. पंचांसमोर तो म्हातारा शेतकरी रांगेतून चालत गेला. शिंगं तासलेली, रंग वेगळा, मला तर सगळे बैल सारखेच दिसत होते. म्हाताऱ्यानं एकाच्या वशिंडाखाली हात घातला, तिथली जुनी गाठ चाचपली आणि मोठ्यानं रडला. "हाऊ मना सर्ज्या शे! साहेब, हाऊ मनाच शे!" बैलानं त्याचा सदरा चाटायला सुरुवात केली. रायटर हवालदारांनी मान फिरवून डोळे पुसले. मीही पुसले, उगाच खोटं कशाला बोलू.

बाजाराच्या दिवशी मोठे साहेब आले. खुर्चीवर बसता बसताच म्हणाले, "अहवाल कुठाय?" मी शिपायाला आत बोलावलं, कोपराला पट्टी बांधलेला. म्हणालो, "सर, हाच अहवाल." साहेब कडक होते, पण मनानं कोते नव्हते. सगळं ऐकून घेतलं आणि उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, "साहेब, मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते एकच, की तू फितूर आहेस का."

साहेबांनी त्याच्यासाठी बक्षिसाची शिफारस केली, पुढं तो हवालदार झाला, फौजदार झाला, आणि सन्मानानं निवृत्त झाला. पण त्याचं ते वाक्य मी नोकरीभर बरोबर बाळगलं. गुप्तता म्हणजे तोंड बंद ठेवणं, असं मी समजत होतो. ते अर्धंच खरं. आपलं गुपित आपली जीभ क्वचितच फोडते. आपली सवय फोडते, आणि ती आपल्याला दिसत नाही कारण आपण सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असतो. आणि घाबरून गप्प बसलेल्या माणसाला गुप्तता पाळणारा समजू नये. गुप्ततेनं काम राखलं जातं, भीतीनं ते बुडतं. माझ्या ठाण्यात एक माणूस भीतीनं गप्प होता आणि चोर आमचे बैल घेऊन चालले होते.

त्यानंतर मी जिथं जिथं गेलो तिथं हजेरीला सूचना देऊन झाल्या की शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला पुढं बोलवायचो आणि विचारायचो, "तुला काय दिसलं ते सांग. मला दिसलं नसेल ते सांग." पहिल्यांदा विचारलं तेव्हा एकानं धीर केला. म्हणाला, "साहेब, राग नसावा. आपण चिडलात की काय चाललंय ते पार रस्त्यापर्यंत ऐकू येतं."

मी तेव्हापासून आवाज खाली आणला. पूर्ण नाही, पण रस्त्यापर्यंत जात नाही.